सनस्क्रीनचा आकडा आणि तळपायाचा डाग

ऑस्ट्रेलियात घराबाहेर पडताना सनस्क्रीन लावणे हा सौंदर्यप्रसाधनाचा भाग मानला जात नाही. दात घासावेत तितक्या सहजतेने तेथील लोक हे मलम अंगाला चोळतात, आणि शाळेच्या दप्तरातही त्याची बाटली असते. त्यामुळेच जून २०२५ मध्ये ‘चॉइस’ या तेथील ग्राहक संघटनेने प्रसिद्ध केलेल्या चाचणीच्या निष्कर्षांनी त्या देशात मोठी खळबळ उडाली. संघटनेने बाजारातील वीस नामांकित सनस्क्रीन प्रयोगशाळेत तपासून घेतली. प्रत्येकाच्या वेष्टनावर ५० किंवा त्याहून अधिक ‘एसपीएफ’ छापलेला होता. प्रत्यक्षात त्यांपैकी सोळा उत्पादने छापील आकड्याच्या कसोटीला उतरली नाहीत. एकाचा एसपीएफ तर अवघा ४ भरला. संबंधित कंपनीने सुरुवातीला हे निष्कर्ष धुडकावून लावले. पुढे स्वतःच फेरतपासणी करून घेतल्यावर ऑगस्टमध्ये ते उत्पादन मागे घेण्याची वेळ तिच्यावर आली. सरकारी औषध नियामकाच्या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या किमतींना विकल्या जाणाऱ्या कित्येक सनस्क्रीनचे मूळ मिश्रण एकच होते.

एसपीएफचा आकडा नेमके काय सांगतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी किती भाग आत शिरतो, याचे ते माप आहे. ५० आकडा असेल तर पन्नासावा हिस्सा, म्हणजे दोन टक्के किरण आत जातात. आकडा ४ असेल तर चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस टक्के. हा हिशेबही मलमाचा भरपूर जाड थर दिल्यावरचा असतो. बहुतेक माणसे त्याच्या निम्मेही मलम वापरत नाहीत. तेव्हा ५० च्या भरवशावर दिवसभर समुद्रकिनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलाच्या पाठीवर प्रत्यक्षात ४ चे मलम असेल, तर ती निव्वळ ग्राहकाची फसवणूक राहत नाही. ज्या देशात सत्तरी गाठेपर्यंत दर तीन नागरिकांपैकी दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो, तेथे तो जिवाचा प्रश्न ठरतो.

त्वचेच्या कर्करोगांत मेलॅनोमा हा संख्येने लहान, पण सर्वांत घातक प्रकार आहे. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख ३० हजार लोकांना तो झाल्याचे निदान झाले आणि जवळपास ५९ हजार माणसे त्याने दगावली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे दोन देश या यादीच्या शिरोभागी आहेत. ऑस्ट्रेलियात दरवर्षी सतरा-अठरा हजार नवे रुग्ण आढळतात व सुमारे तेराशे मृत्यू होतात.

रंगपेशींचे बंड

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी ‘मेलॅनोसाइट’ नावाच्या रंगपेशी असतात. त्यांचे काम मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवणे. तेथे हे रंगद्रव्य पेशीकेंद्रावर छत्रीसारखे पसरते आणि अतिनील किरणांपासून आतल्या जनुकद्रव्याचे रक्षण करते. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते; फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि जातीत. गडद त्वचेतील तपकिरी-काळे मेलॅनिन उत्तम ढाल ठरते. तांबूस केसांच्या, चटकन भाजणाऱ्या गोऱ्या त्वचेत पिवळट-तांबडे मेलॅनिन अधिक असते व ते फारसे संरक्षण देत नाही. अतिनील किरणांनी जनुकद्रव्याची साखळी तुटते, सांधते, सांधताना चुका राहतात. अशा चुका साचत जाऊन रंगपेशीच बेलगाम वाढू लागली की मेलॅनोमा होतो. या पेशींचा स्वभाव मुळातच भटका. गर्भावस्थेत त्या मेरुदंडाच्या बाजूने निघून साऱ्या त्वचेत पसरलेल्या असतात. कर्करोग झाल्यावर त्या फुप्फुस, यकृत, मेंदू येथवर इतक्या लवकर का पोहोचतात, याचे एक कारण या जुन्या सवयीत असावे, असे अनेक संशोधक मानतात.

रोज थोडे थोडे ऊन खाणाऱ्यापेक्षा एरवी सावलीत राहून सुट्टीत अंग भाजून घेणाऱ्याला मेलॅनोमाचा धोका अधिक, असे दिसून आले आहे. त्यातही बालपणी त्वचा पुन्हा पुन्हा सोलवटली असेल तर त्याची किंमत चाळिशी-पन्नाशीत मोजावी लागते. अंगावर शंभराहून अधिक तीळ असणाऱ्यांना मोजकेच तीळ असणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे सातपट धोका असतो. घरात आई, वडील किंवा भावंडाला हा आजार झालेला असणे, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणे, हीही कारणे आहेत. मात्र तीळ ‘बिघडून’ मेलॅनोमा होतो, ही समजूत अर्धीच खरी. सुमारे सत्तर टक्के मेलॅनोमा पूर्वी तीळ नसलेल्या जागी नव्यानेच उगवतात. म्हणून सगळे तीळ काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला हे दुर्दैव कसे आले, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेसाठी घडलेली त्वचा घेऊन माणसे दोनशे वर्षांपूर्वी विषुववृत्ताकडच्या प्रखर उन्हात येऊन वसली. त्वचेला जुळवून घ्यायला हजारो वर्षे लागतात. वसाहतीला तेवढा धीर नव्हता. त्यात दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, जानेवारीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. हवा स्वच्छ आणि ओझोनचा थर तुलनेने विरळ. १९५६ मध्ये हेन्री लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जसजसे विषुववृत्ताकडे जावे तसतसे मेलॅनोमाचे मृत्यू वाढत जातात, हे स्पष्ट झाले. ऊन आणि मेलॅनोमा यांचे नाते दाखवणारा हा पहिला ठोस पुरावा. कातडी रापवणे म्हणजे आरोग्याचे लक्षण, असे मानणाऱ्या समाजाला तो पटायला मात्र आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

एका समुद्रपक्ष्याची मोहीम

१९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोगविरोधी परिषदेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही जाहिरात दूरचित्रवाणीवर आणली. ‘सिड’ नावाचा एक समुद्रपक्षी नाचत-गात सांगत असे की सदरा चढवा, मलम चोपडा, टोपी घाला. पुढे २००७ मध्ये त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा या दोन सूचनांची भर पडली. १९८८ पासून ‘सनस्मार्ट’ या कार्यक्रमाने ही मोहीम शाळा, क्रीडांगणे, कामाची ठिकाणे येथे नेली. त्यासाठीचा पैसा तंबाखूवरील करातून उभा राहिला, ही आपल्याकडील अर्थमंत्र्यांनी ध्यानात घ्यावी अशी बाब. टोपी नसलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत मैदानावर सोडायचे नाही, हा नियम तेथील प्राथमिक शाळांत रुळून गेला आहे.

मलमाचा खरोखर उपयोग होतो का, ही शंका बरीच वर्षे घेतली जात होती. तिचे उत्तर क्वीन्सलँडमधील नॅम्बोर या गावाने दिले. १९९२ मध्ये अॅडेल ग्रीन यांच्या पथकाने तेथील १,६२१ रहिवाशांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने मनाला येईल तसे. प्रयोग साडेचार वर्षे चालला आणि त्यानंतर दहा वर्षे माणसांवर लक्ष ठेवण्यात आले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात मेलॅनोमाचे ११ नवे रुग्ण, दुसऱ्यात २२. आकडे लहान आहेत, पण माणसांवर असा नियंत्रित प्रयोग पुन्हा होणे कठीण. आज दुसऱ्या गटाला सनस्क्रीनविना ठेवणे नैतिकतेत बसणार नाही.

उन्हाशी भांडण चालू असताना दुसरीकडे कृत्रिम उन्हाची दुकाने उघडली होती. ‘सोलॅरियम’मध्ये अतिनील दिव्यांखाली पडून कातडी रापवून घेण्याचा तो धंदा. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे दिवे तंबाखू व अॅस्बेस्टॉसच्या पंक्तीत, म्हणजे निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात बसवले आणि त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हर या तरुणीने मृत्युशय्येवरून सोलॅरियमविरुद्ध आवाज उठवला होता. २००७ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती मेलॅनोमाने गेली. तिच्या मृत्यूने लोकमत इतके ढवळून निघाले की २०१५ च्या आरंभी बहुतेक राज्यांत आणि २०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात हा व्यवसाय बंद झाला.

चाळीस वर्षांच्या या खटाटोपाचे फळ दिसते आहे. टोपी घालून शाळेत गेलेल्या पिढीत, म्हणजे चाळिशीच्या आतील ऑस्ट्रेलियनांत, मेलॅनोमाचे प्रमाण घटले आहे. वृद्धांत मात्र ते वाढतेच. त्यांची पाठ सिड पक्षी येण्यापूर्वीच भाजून निघाली होती.

पण वाढत्या आकड्यांना दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत १९७५ नंतरच्या चार दशकांत मेलॅनोमाची निदाने सहापट झाली, पण मृत्यूंचे प्रमाण बराच काळ जवळपास स्थिर राहिले. रोग खरोखर सहापट वाढला असता तर मृत्यूही वाढायला हवे होते. त्वचेची तपासणी, बायोप्सी आणि सूक्ष्मदर्शकाखाली संशयास्पद दिसणाऱ्या प्रत्येक पेशीला कर्करोग ठरवण्याची सावधगिरी यांमुळे, आयुष्यात कधीच त्रास दिला नसता असे डागही रुग्णसंख्येत मोजले जात आहेत, असा गिल्बर्ट वेल्श व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ मधील आक्षेप होता. जर्मनीचा अनुभवही बोलका आहे. श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात २००३-०४ मध्ये त्वचातपासणीची मोठी मोहीम झाली, मृत्यू घटल्यासारखे दिसले, म्हणून २००८ पासून ती देशभर लागू केली. पुढे त्या प्रांतातील मृत्युदर पुन्हा पूर्वपदावर आला आणि देशातील आकड्यांत अपेक्षित घट दिसली नाही. सरसकट सर्वांची तपासणी करण्यास पुरेसा आधार नाही, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कृती गटाने २०२३ मध्ये म्हटले ते यामुळेच. लक्षण दिसल्यावर चटकन डॉक्टर गाठणे वेगळे आणि निरोगी माणसांना रांगेत उभे करणे वेगळे.

आपल्याकडचा मेलॅनोमा

भारतात मेलॅनोमाचे प्रमाण लाखात एकापेक्षाही कमी आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य हे त्याचे मुख्य कारण. शिवाय डोक्याला पटका किंवा टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरून पदर ही रीत मराठी शेतकऱ्याला कोणा समुद्रपक्ष्याकडून शिकावी लागलेली नाही. असे असताना गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सनस्क्रीनचा बाजार फोफावला असून, एसपीएफच्या दाव्यांवरून दोन बड्या कंपन्यांतील भांडण २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑस्ट्रेलियात सनस्क्रीन औषधी उत्पादन म्हणून नियंत्रित होते. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनात मोडते. काळे डाग, वांग, अकाली सुरकुत्या यांसाठी कोणी ते वापरत असेल तर हरकत नाही. मात्र भारतीय माणसाला मेलॅनोमाची भीती घालून ते विकणे शास्त्राला धरून नाही.

कारण भारतीयांना होणारा मेलॅनोमा बहुधा उन्हाच्या जागी होतच नाही. तो होतो तळपायाला, तळहाताला आणि नखाखाली. रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये या प्रकाराचे वेगळेपण प्रथम नोंदवले. या गाठींच्या जनुकांत अतिनील किरणांच्या खुणा जवळजवळ सापडत नाहीत. पायावर सतत येणारा दाब, घर्षण, इजा यांचा त्यात वाटा असावा, असा अंदाज आहे. जमैकाचे जगविख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये अशीच जखम दिसली होती. फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजून तिच्याकडे आधी दुर्लक्ष झाले. निदान झाल्यावर अंगठा कापण्यास त्यांनी नकार दिला आणि रोग मेंदूपर्यंत पसरून मे १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सिड पक्ष्याची जाहिरात आली ते हेच वर्ष. त्या जाहिरातीतील सदरा, मलम आणि टोपी यांपैकी काहीही मार्लींच्या उपयोगी पडण्यासारखे नव्हते.

महाराष्ट्रात या रोगाचा घात होतो तो गैरसमजातून. तळपायावरचा काळा उंचवटा म्हणजे भोवरी किंवा कुरूप, असे धरून त्यावर औषधी पट्टी चिकटवली जाते, ब्लेडने तासले जाते, कधी बिब्ब्याचा चटका दिला जातो. नखाखालचा काळेपणा ‘ठेच लागली होती’ म्हणून सोडून दिला जातो किंवा नखुरडे समजून चिरला जातो. तळपायाला तीळ असणे हा परदेशगमनाचा योग, ही समजूतही अजून ऐकू येते. दुखत नाही, ताप नाही, कामात अडथळा नाही. मग डॉक्टरांकडे जायचे कशाला? जखम चिघळून जांघेत गाठ आल्यावर रुग्ण इस्पितळाची पायरी चढतो, तोवर कर्करोग लसिकाग्रंथींत पोहोचलेला असतो.

आपल्या रोगांची कारणे आपल्या राहणीत शोधावी लागतात, हा धडा मुंबईतच घालून दिला गेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात, कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले होते. तो मेलॅनोमा नव्हे, त्याची जात वेगळी. पण पाश्चात्त्य पुस्तकांत नसलेला रोग रुग्णाच्या पेहरावात शोधण्याची ती दृष्टी तळपायाच्या बाबतीतही हवी होती.

मेलॅनोमा ओळखण्यासाठी डॉक्टर ‘ए-बी-सी-डी-ई’ हा इंग्रजी अक्षरांचा संकेत वापरतात. पहिली चार अक्षरे न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये सुचवली, पाचवे २००४ मध्ये जोडले गेले. डागाचे दोन अर्ध एकमेकांसारखे नसणे, कडा दातेरी किंवा धूसर असणे, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर, तांबडा असे रंग असणे, व्यास सहा मिलिमीटरहून (पेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढा) मोठा असणे, आणि पाचवे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काही आठवड्यांत वा महिन्यांत तो बदलत जाणे. गाठीच्या स्वरूपात वाढणारा मेलॅनोमा मात्र हे नियम पाळत नाही. तो गोल, टणक, एकरंगी असू शकतो आणि भराभर वाढतो. नखात उभी काळी रेघ दिसून ती रुंदावत असेल, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी त्वचेवर उतरला असेल, तर विलंब करू नये. गडद वर्णाच्या लोकांत नखांवर अशा निरुपद्रवी रेघा पुष्कळदा असतात हे खरे. बहुतेकदा त्या एकापेक्षा अधिक नखांवर आढळतात. ठेच लागल्याने साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. मेलॅनोमाचा डाग सरकून जात नाही. हा फरक घरच्या घरी, महिन्याच्या अंतराने काढलेल्या दोन छायाचित्रांतूनही कळू शकतो.

निदान बायोप्सीनेच होते. ‘सुरी लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती निराधार आहे. गाठ किती खोल गेली आहे, यावर सारे अवलंबून असते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मिलिमीटरमधील या जाडीचे महत्त्व दाखवून दिले आणि आजही उपचारांची दिशा तीच ठरवते. एक मिलिमीटरहून पातळ गाठ वेळीच कापून काढली तर शंभरातील पंचाण्णवहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. येथे केवळ एका छोट्या शस्त्रक्रियेचा खर्च असतो.

रोग पसरल्यानंतरची कथा २०११ पर्यंत फार थोडक्यात संपत असे. बहुतेक रुग्ण वर्षभरही काढत नसत. प्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सोडवणारी ‘इपिलिमुमॅब’ आणि नंतर ‘निव्होलुमॅब’, ‘पेम्ब्रोलिझुमॅब’ ही औषधे आली आणि चित्र पालटले. त्यामागच्या मूलभूत संशोधनासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत, दोन औषधे एकत्र घेतलेल्या पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांपैकी ४३ टक्के हयात होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, यकृत व मेंदूत पसरलेला मेलॅनोमा झाला होता. उपचारांनंतर ते आणखी नऊ वर्षे जगले आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये वारले.

हे यश प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवरच्या, उन्हाने झालेल्या मेलॅनोमाचे आहे. ऊन जनुकांत इतक्या चुका करून ठेवते की प्रतिकारशक्तीला ती पेशी ‘परकी’ म्हणून सहज ओळखू येते. तळपायाच्या मेलॅनोमात अशा खुणा कमी, म्हणून ही औषधेही तेथे कमी लागू पडतात. त्यांचा खर्च लाखोंच्या घरात जातो, तो वेगळाच.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी निराळी. मुलांच्या शाळेत टोपी सक्तीची, घरोघरी सनस्क्रीनचा उपदेश, आणि रक्त तपासावे तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी. २०२४ मध्ये तेथील वैद्यकीय व कर्करोग संस्थांनी नवे संयुक्त निवेदन काढून प्रथमच वर्णानुसार वेगवेगळा सल्ला दिला. गडद त्वचेच्या माणसांना नेहमीच्या वावरात सनस्क्रीनची गरज नाही, बराच वेळ उन्हात राहायचे असेल तरच संरक्षण घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. चार दशके एकच सूचना सर्वांना देणाऱ्या देशाने ती बदलली, हे विशेष.

महाराष्ट्रात मधुमेहींचे पाय तपासण्याची पद्धत अनेक दवाखान्यांत आता रुळली आहे. तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या, नखे पाहिली जातात ती जखम आणि बधिरपणा शोधण्यासाठी. त्याच वेळी काळ्या डागाची चौकशी करायला आणखी अर्धा मिनिट पुरे. आणि भोवरी म्हणून कापून काढलेला काळसर तुकडा कचऱ्याच्या डब्यात न टाकता पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला, तर निदान जांघेत गाठ येण्याच्या कितीतरी आधी होऊ शकते.